नवी जेट बोट पहिल्यांदा पाण्यात उतरवताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही चिकोडीचे, बोट नुकतीच घेतलीय, आणि विचारताय की पहिल्या दिवशी हिडकलच्या धरणात उतरवावी की सरळ अंकलीला कृष्णेत, वेग किती ठेवावा, आणि घरच्यांना घेऊन गेलं तर चालेल का. शेवटचं आधी सांगतो. घरच्यांना नेऊ नका. बोटीत तर नकोच, काठावरही नको.

मी निपाणीत शेतीपंप दुरुस्त करतो. मोटार भरणं, बुश बसवणं, इम्पेलर म्हणजे पंपातलं पाणी रेटणारं फिरतं चाक बदलणं यात वीस वर्षं गेली. 2017 च्या दिवाळीनंतर गोव्यात एक जेट बोट विकायला आहे असं कळलं म्हणून बघायला गेलो. पंधरा फुटी, फायबरची, पेट्रोल इंजिन. खाली वाकून बघितलं आणि त्याच क्षणी घ्यायची ठरवली, कारण तळाला चक्क पंप होता. खाली जाळी, जाळीतून पाणी आत, इम्पेलर ते रेटतो, मागच्या नोझलमधून जोराची धार बाहेर. धार मागं जाते म्हणून बोट पुढं जाते. बाहेर पाण्यात फिरणारा पंखा (प्रोपेलर) नाही, सुकाणूचं पातं नाही. ज्या यंत्रात माझं अर्धं आयुष्य गेलं, तेच यंत्र नावेला ओढत होतं. चोर्ला घाटातून रात्रीची ट्रॉलीवर आणली.

माझे दाजी दूधगंगेकाठचे. त्यांचं गुऱ्हाळ आहे. आमच्याकडं पूर्वी पुरात गुळाची काहील पाण्यात टाकून माणसं पलीकडं न्यायचे, हे तुम्हाला सांगायला नको. दाजींनी पोरवयात ते केलेलं. बोट दारात बघून ते म्हणाले, "पावणं, हे मोठ्या लोकांचं खेळणं. आपल्याला काहील बरी, ती ऐकती तरी." मला ते लागलं. मी म्हटलं, भोगीला हिडकलला या, मग बोला.

13 जानेवारी 2018, शनिवार, भोगी. अक्कानं भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या भाकरी बांधून आणल्या होत्या, भाचे आले होते. हुक्केरीच्या बाजूचा धरणाचा काठ. पाणी थोडं मागं सरलेलं, काठाचे दगड उघडे पडलेले. तिथं एक मासेमारी करणारा म्हातारा जाळं आवरत बसला होता. त्यानं हात करून सांगितलं, "अल्ली नीर कडिमी ऐतरी." तिकडं पाणी कमी आहे. हिडकलच्या पोटात काय आहे ते त्याला पाठ होतं. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर याच पाण्यात असतं, पाणी फार उतरलं की वर दिसतं. म्हणजे जुन्या भिंती, बांध, झाडांचे बुंधे हे सगळं तुमच्या तळाखाली आहे असं धरूनच चालवायचं. म्हाताऱ्याचं ऐकून मी जागा बदलली. त्या दिवशी मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच.

पहिला पाऊण तास मी एकटा होतो. इंजिन चालू केल्याबरोबर बोट हळूहळू सरकायला लागली. जेटला गाडीसारखा न्यूट्रल नसतो. इंजिन फिरतंय म्हणजे पंप फिरतोय, पंप फिरतोय म्हणजे थोडी तरी धार आहे. नोझलवर एक झडप खाली येते, तिला बकेट म्हणतात. ती पूर्ण उतरवली की धार पुढच्या बाजूला वळते आणि बोट मागं येते; अर्धी उतरवली की पुढचा-मागचा जोर जवळपास सारखा होतो आणि बोट जागेवर डुलत राहते. या अर्ध्या जागेचा अंदाज यायलाच मला अर्धा तास लागला. मग पाण्यावर उचलली. ते मी शब्दात सांगू शकत नाही. नाक खाली येतं, आवाज बदलतो, आणि पाण्याची ओढ एकदम सुटते.

काठाला आलो. दाजी बसले. मी काठावर राहिलो, भाच्यांना लांब ठेवायला. दाजींना मी काय सांगितलं? हे स्टिअरिंग, ही रेस, ही दोरी मनगटाला. दोरी ओढली गेली की इंजिन बंद. बास. ट्रॅक्टर चाळीस वर्षं चालवलेला माणूस, आणखी काय सांगायचं असं वाटलं.

दाजींनी दोन फेऱ्या छान मारल्या. तिसऱ्या वेळी परत येताना काठाकडं तोंड करून आले, ताशी पंचवीस-तीस असेल. काठ चाळीस-पन्नास फुटांवर आला. त्यांनी स्टिअरिंग डावीकडं घेतलं आणि रेस सोडली. बोट सरळ आली. मी बघितलं, त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पूर्ण वळवलेलं होतं, आणि बोट रेघ मारल्यासारखी सरळ आली. दगडावर चढली. तळाला हातभर चीर पडली आणि दाजींचं उजवं मनगट मोडलं.

गुऱ्हाळाचा ऐन हंगाम. सहा आठवडे प्लॅस्टर. चुलाणावर दुसरा माणूस लावावा लागला आणि त्याच्या हातून दोन आधणं करपली. अक्का माझ्याशी होळीपर्यंत नीट बोलली नाही. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत दाजी एकच सांगतात: पावण्याच्या बोटीचं स्टिअरिंग फेल होतं.

स्टिअरिंग फेल नव्हतं. घरी आणून मी नोझल, केबल, सांधे सगळं खोललं. सगळं ठीक. जेट बोटीत स्टिअरिंग फिरवलं की फक्त ते मागचं नोझल डावी-उजवीकडं वळतं. शेतात पंप बंद असताना तुम्ही पाइप कुठल्याही सरीकडं धरा, पाणी जाईल का? तसंच हे. रेस सोडली की धार मेली, धार मेली की तुमच्या हातात राहतं नुसतं चाक. बोट आहे त्या वेगात, आहे त्या दिशेनं सरकत जाते. पंख्याच्या बोटीतही इंजिन सोडल्यावर वळण कमी होतं, पण पाण्यात पातं किंवा इंजिनचा पाय असतो, तो थोडा तरी धरतो. जेटमध्ये धरायला काहीच नाही. काठ अंगावर येताना माणसाचा पाय किंवा हात आपोआप रेस सोडतो, आणि इथं नेमकं उलटं करायचं असतं: रेस ठेवून वळवायचं, नाहीतर बकेट उतरवून रेस द्यायची म्हणजे बोट जागच्या जागी थांबते. जोरात असताना बकेट एकदम पाडलीत तर मात्र नाक पाण्यात घुसतं, सगळे पुढं आदळतात. तेही हळूहळूच शिकायचं.

म्हणून पहिल्या दिवशी हे एकच काम करा. पाच-सहा रिकामे कॅन घ्या, दोरीनं दगड बांधून उघड्या पाण्यात सोडा, काठापासून दीड-दोनशे मीटर आत. कॅनकडं सरळ जा आणि शेवटच्या क्षणी रेस ठेवून वळा. मग एकदा मुद्दाम रेस सोडून वळवून बघा, कॅनवर बोट कशी जाते ते. शंभर वेळा करा. हाताची सवय मोडायला तेवढं लागतं. कॅन काठाजवळ टाकू नका. नव्या काही बोटींत रेस सोडल्यावरही थोडं वळायला मदत करणारी सोय असते. तुमचीत आहे का ते विकणाऱ्याला विचारा, पण तिच्या भरवशावर काठाकडं तोंड करू नका. मला विकणाऱ्यानं यातलं काहीही सांगितलं नव्हतं. पैसे मोजून घेतले आणि किल्ली दिली.

वेगाचं विचारलंत. इंजिन कोरं असेल तर पुस्तकात लिहिलेले सुरुवातीचे तास पाळा. त्यापलीकडं वेगाला मी घाबरत नाही, काठाला घाबरतो.

आता कृष्णा. दाजी म्हणतात जेट आपल्या नदीची नाहीच. हे मला अजिबात मान्य नाही. ही बोट ज्यानं चालती केली तो न्यूझीलंडचा बिल हॅमिल्टन, मेंढरांचं मोठं रान असलेला शेतकरी माणूस. त्याच्या भागातल्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या, पंखा टिकायचा नाही. 1954 च्या सुमाराला त्यानं धार तळाखालून न सोडता मागून पाण्याच्या वर सोडली आणि बोट खरी पळायला लागली. उथळ नदीसाठीच जन्मलेलं यंत्र आहे हे, मोठ्या लोकांचं खेळणं नाही. एडमंड हिलरी 1977 साली गंगासागरपासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर निघाला तो जेट बोटी घेऊनच, आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत त्या गेल्या. गंगेत चालते ती कृष्णेत चालत नाही म्हणणं चूक आहे.

पण पळत असताना वीतभर पाण्यावरून जाणारी हीच बोट उभी असताना वाळू खाते, हे लक्षात ठेवा. कंबरभर पाणी असल्याशिवाय इंजिन चालू करू नका. ढकलत आत न्या, मग चालू करा. पंपवाला म्हणून सांगतो, वाळूनं इम्पेलर आणि त्याभोवतीची रिंग झिजली की फट वाढते, पाणी मागं निसटतं, आणि इंजिन ओरडतं पण बोट पळत नाही. जलपर्णी, पाचट, नायलॉनचं जाळं जाळीला बसलं तरी हेच लक्षण. तसा आवाज आला की लगेच बंद करा, किल्लीची दोरी काढून खिशात घाला, मगच जाळीला हात लावा. कृष्णेत त्यासाठी पाण्यात उडी मारू नका, मगरी आहेत. काठाला नदीवरच्या मोटारींचे पाइप आणि केबली आडव्या असतात, त्या पाण्याखाली दिसत नाहीत. म्हणून पहिला दिवस हिडकल. कृष्णा तिसऱ्या-चौथ्या वेळी, हिवाळ्यात, पाणी निवळल्यावर.

पुराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कधीतरी विचार मनात येईलच. ऑगस्ट 2019 ला दाजींच्या गावाला पाण्यानं वेढलं तेव्हा माझी बोट शेडमध्ये होती, तळाची चीर भरून तयार. मी नेतो म्हणालो. दाजी फोनवर म्हणाले, आणू नकोस. त्यांनी काहील काढली आणि गल्लीतली म्हातारी माणसं शाळेच्या माडीवर नेली. नंतर बचाव पथकाची पंख्याची बोट आली, तिच्या पंख्यात उसाच्या रानातली कुंपणाची तार अडकली, हे मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हापासून मी दाजींना सांगतोय की माझी बोट असती तर तार अडकली नसती. पंखाच बाहेर नाही तर अडकणार काय?

यातही एक गोष्ट मी नेहमी गाळतो. पुराच्या पाण्यात उसाचा पाला इतका होता की माझ्या जाळीला तो दहा मिनिटांत बसला असता. आणि गढूळ पाण्याखाली कल्लोळ-येडूरसारखे बुडालेले बंधारे, पूल, विजेचे खांब कुठं आहेत हे शिकलेल्या पथकालाही अंदाजानं बघावं लागतं. दाजींनी आणू नकोस म्हटलं ते बरोबर होतं. उथळ नदीबद्दल मात्र ते अजून चूक आहेत.

तुमच्या बोटीत पेट्रोल इंजिन आत झाकलेलं असेल तर चालू करण्याआधी झाकण उघडून वास घ्या आणि आतली वाफ काढणारा पंखा चार मिनिटं चालवा. पेट्रोल पाण्यापासून लांब, ट्रॉलीवरच भरा. हिडकलचं पाणी बेळगावला प्यायला जातं. धरणाची लेखी परवानगी आणि 2021 च्या नव्या इनलँड व्हेसल्स कायद्याखालची नोंदणी केली असेल असं धरतो. नसेल तर आधी ते. जॅकेट काठावरच अंगात घाला. पोहता येतं म्हणून घातलं नाही, असं दाजींनी केलं होतं.

आणि घरच्यांना का नको म्हटलं ते राहिलं. बोट काठाकडं येत होती तेव्हा भाचे माझ्या मागं दहा पावलांवर उभे होते. ते बघून मी घाबरलो आणि पाण्याकडं तोंड करून ओरडलो. काय ओरडलो ते आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, अक्कालाही नाही. "दाजी, रेस सोडा!" असं ओरडलो. तीनदा. त्यांनी माझं ऐकलं. पंपाची सगळी विद्या माझ्याकडं होती, पाऊण तास मी स्वतः चालवून बघितली होती, आणि तरी तोंडातून तेच आलं.

येत्या भोगीला अक्काकडं जेवायला जाणार आहे. हे उत्तर दाजींना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे.