भरिताच्या वांग्याचं बी संशोधनाला द्या, पण पुडी बांधायच्या आधी कागद करा

ताई, तुम्ही लिहिलंय की एक बियाणे कंपनी आणि एक सरकारी संशोधन संस्था मिळून तुमच्या गटाकडे भरिताच्या वांग्याचं घरचं बी मागताहेत. उन्हाचा ताण आणि शेंडा-फळ पोखरणारी अळी यांवर त्यांना काम करायचंय. गटातले लोक म्हणतात, 'आपल्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, मग काळजी कसली?' हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. 2018 साली मीही अगदी हेच म्हणालो होतो.

जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय मिळालं, ते या वांग्याच्या नावाचं रक्षण करतं. बी कुणी नेलं, त्यातून काय तयार केलं, याच्याशी जीआयचा संबंध नाही. त्यासाठी 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे.

माझी चूक सांगतो. आमच्या घरचं बी आजीच्या हातचं. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची दोन-चार चांगली फळं झाडावरच पिवळी होऊ द्यायची, बी पाण्यात चोळायचं, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते सावलीत वाळवून राखेत घोळून ठेवायचं. मोटारसायकलवर दोघे आले, एक कंपनीचा, एक संस्थेचा. मी त्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी जेवू घातली आणि वर्तमानपत्राच्या कागदात 50 ग्रॅम बी बांधून दिलं. वांग्याच्या एका ग्रॅमात दोनशेच्या आसपास बिया असतात, म्हणजे दहा हजार रोपांचा ऐवज. पुडीवर ना माझं नाव, ना गाव, ना तारीख. पोचही मागितली नाही. नंतर चौकशी केली तेव्हा त्यांच्या वहीत एवढंच होतं: 'स्थानिक वाण, यावल तालुका'. आजीच्या चाळीस वर्षांच्या निवडीची नोंद तेवढी.

मग आपलं वाण त्या कायद्याखाली शेतकरी वाण, म्हणजे शेतकऱ्यांनीच जपलेलं वाण, म्हणून नोंदवू म्हटलं, तर एका कार्यालयात शिफारशीच्या सहीसाठी पाच चकरा. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, मग 'हे आमच्या टेबलाचं काम नाही', मग वांगं लावत असल्याचा पुरावा आणा. सातबारा काढला तर पीकपाहणीत सगळ्या गट नंबरावर कापूस! वांगं मी दरवर्षी विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत लावतो, त्याची नोंद कधी केलीच नव्हती. पाचव्या वेळी फाइल सापडत नाही म्हणाले. त्या माणसांनी एकदा वावरात येऊन झाडं बघितली असती तर बरं झालं असतं, याचा राग अजून गेला नाही. त्यामुळे आजच ई-पीक पाहणीत वांगं वेगळं नोंदवा, कितीही लहान तुकडा असो.

मी वकील नाही, तुमचा करार मी वाचलेला नाही, तेव्हा कुणा जाणकाराला दाखवा. पण माझं मत स्पष्ट आहे: नोंदणीचा अर्ज आधी, बी नंतर. शेतकरी वाणाला नोंदणी फी नाही. अर्जावर गावची जैवविविधता व्यवस्थापन समितीही शिफारस करू शकते, हे मला फार उशिरा कळलं. समिती जिवंत असेल तर तिकडेच जा. करार मराठीत मागा. बी कुणाचं, किती, कशासाठी, तिसऱ्याला देता येईल का, एवढं त्यात हवंच. कायद्यानुसार नवं वाण नोंदवताना मूळ बी कुठून आणलं ते सांगावं लागतं आणि लाभात वाटा मागता येतो. पण पुडीवर नाव नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? आणि निम्मं बी घरीच ठेवा.

असे प्रकल्प नकोतच, असं मी म्हणत नाही. तोड्याच्या हंगामात आठवड्यातून दोनदा फवारणारे शेतकरी माझ्या शिवेवर आहेत. अळीवर उपाय हवाच, तो एकट्या विद्यापीठाकडून किंवा एकट्या कंपनीकडून येईल असं वाटत नाही. पण बीटी वांग्याचं, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या वांग्याचं, आठवा. तिथेही कंपनी आणि कृषी विद्यापीठं एकत्र होती. 2009 मध्ये जीईएसीने, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीने, हिरवा कंदील दिला, फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्राने स्थगिती दिली. पुढे कर्नाटकातली स्थानिक वाणं जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय वापरल्याचा आक्षेप उभा राहिला. बांगलादेशात 2014 पासून शेतकरी बीटी वांगं लावताहेत. त्या तंत्राबद्दल मतं काहीही असोत, वाणं कुणाकडून कशी घेतली हा प्रश्न शेतकऱ्याचाच आहे.

जाता जाता एक. बियाण्याचा वाफा शेजारच्या संकरित वांग्यापासून 200 मीटर तरी लांब ठेवा. मधमाश्या परागकण नेतात, आणि भेसळ झालेलं बी 'आमचं वाण' म्हणून सिद्ध करता येत नाही. कराराची प्रत हाती आली की नावं झाकून इथे टाका. मी आणि जळगावजवळच्या आसोद्याकडचे दोघे-तिघे ओळीनं वाचून देऊ.