रानात तगून राहण्यासाठी एकच रायफल न्यायची झाली तर कोणतं कॅलिबर घ्यावं: .२२, .२२३ की .३०८?

तुम्ही विचारलंय की वस्तीपासून दूर, मदत यायला काही आठवडे लागतील अशा रानात एकच रायफल जवळ ठेवता येणार असेल, तर .२२ लाँग रायफल, .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर यांतून कोणती निवडावी (हे आकडे म्हणजे कॅलिबर, साधारणपणे गोळीची जाडी इंचांत). मी तिन्ही चालवल्या आहेत आणि माझं मत पक्कं आहे. जिथे माणसावर चालून येणारं मोठं श्वापद नाही तिथे .२२. जिथे अस्वलांचा वावर आहे तिथे .३०८. .२२३ ही चांगली रायफल आहे, पण या कामासाठी मी ती तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

या प्रश्नावर बरेच जण माणसांशी होणाऱ्या चकमकींची चित्रं रंगवतात. मी ती बाजूला ठेवतो. रानात अडकलेल्या माणसाला रायफल दोन गोष्टींसाठी लागते: पोटाला काहीतरी मिळवायला आणि जनावरापासून जीव वाचवायला.

वजनापासून सुरुवात करू, कारण रायफल आणि काडतुसं तुमच्याच खांद्यावर असणार. .२२ चं एक काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं, .२२३ चं १२ ग्रॅम, .३०८ चं जवळपास २५ ग्रॅम. म्हणजे एक किलोत .२२ ची पावणेतीनशेहून जास्त काडतुसं येतात, .२२३ ची ८० च्या घरात, आणि .३०८ ची फक्त ४०. उपाशीपोटी चालताना हा फरक फार जाणवतो.

आणि रोज नजरेस पडणारं जनावर असतं तरी कोणतं? ससा, खार, रानपक्षी. .२२ ची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक) गोळी साधारण १९० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. पन्नास-साठ मीटरवरच्या सशाला ती पुरून उरते आणि मांसही शाबूत राहतं. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला हजार मीटरच्या जवळपास वेगाने जाते, ऊर्जा १७०० ज्यूलच्या आसपास. अंगावर लागली तर त्या सशाचं खाण्यासारखं फार थोडं उरतं. .३०८ मध्ये ही ऊर्जा ३६०० ज्यूलच्या घरात जाते. शिवाय .२२ चा आवाज बाकी दोघींपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे आसपासचं सगळं रान एका बारात रिकामं होत नाही.

इथवर .२२ च्या बाजूने बोलणारे बरोबर असतात, पण ते एक गोष्ट विसरतात. ती म्हणजे चरबी. रानटी सशाच्या मांसात चरबी जवळपास नसतेच. नुसत्या सशांवर राहणाऱ्या माणसाचं पोट भरलेलं असतं आणि तरीही तो खंगत जातो: जुलाब, डोकेदुखी, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटणं, आणि कितीही खाल्लं तरी न शमणारी भूक. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात वर्षानुवर्षं राहिलेल्या विल्यालमुर स्टेफान्सन या शोधप्रवाशाने याचं तपशीलवार वर्णन केलं आहे. या अवस्थेला रॅबिट स्टार्व्हेशन म्हणतात. म्हणून मुक्काम लांबला तर मोठं, चरबीवालं जनावर हवं, नाहीतर मासे तरी हवेतच.

याचं मला सर्वात पटणारं उदाहरण नॉर्वेचे शोधप्रवासी फ्रित्यॉफ नान्सेन आणि यालमार योहानसेन यांचं आहे. मार्च १८९५ मध्ये त्यांनी ‘फ्राम’ जहाज सोडलं आणि बर्फावरून उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले. परतताना त्यांना फ्रान्स योसेफ लँड या आर्क्टिकमधल्या बेटांवर दगडांच्या झोपडीत अख्खा हिवाळा काढावा लागला. त्यांच्या बंदुका दुनळी होत्या, एक नळी गोळीची आणि एक छर्ऱ्यांची. मोठ्या गोळीने त्यांनी ध्रुवीय अस्वलं आणि वॉलरस मारले आणि महिनोन्‌महिने तेच मांस, तीच चरबी खाल्ली. जून १८९६ मध्ये ते माणसांत परतले तेव्हा नान्सेनचं वजन घटलेलं नव्हतं, उलट जवळपास १० किलोंनी वाढलं होतं. छोट्या गोळीने ससे-पक्षी टिपून हे झालं नसतं.

पण हेच उदाहरण दाखवून ‘मग .३०८ च घ्या’ असं मी म्हणणार नाही. नान्सेनजवळ बर्फ होता. मारलेलं अस्वल आपोआप टिकत होतं. एकट्याने रानात राहायला गेलेल्या क्रिस्टोफर मॅकँडलेस या अमेरिकी तरुणाच्या बाबतीत उलटं झालं. अलास्कात १९९२ च्या जूनमध्ये त्याने .२२ रायफलने एक मूस (प्रचंड आकाराचं हरीण) मारला. मूस म्हणजे कित्येक आठवड्यांचं अन्न. त्याने मांस धुरावर टिकवायचा प्रयत्न केला, पण उन्हाळा होता, माश्या बसल्या, अळ्या पडल्या आणि बहुतेक मांस टाकून द्यावं लागलं. ऑगस्टमध्ये तो गेला. तिथे कॅलिबर कमी पडलं नाही, मांस पातळ कापून झपाट्याने वाळवण्याची माहिती आणि हातांची संख्या कमी पडली. एकट्या माणसाने उन्हाळ्यात तीन-चारशे किलोचं जनावर पाडणं मला शहाणपणाचं वाटत नाही, गोळी कोणतीही असो. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांत खाऊन संपेल अशी शिकार बरी, आणि चरबीसाठी मासे. गळ आणि फास रात्रभर काम करतात, ते बरोबर असूच द्या.

मूस .२२ ने पडला यावरून कुणी असाही अर्थ काढतं की .२२ ने काहीही मारता येतं. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये १९५३ साली बेला ट्विन या क्री आदिवासी बाईंनी एकनळी .२२ ने त्या काळचं विक्रमी आकाराचं ग्रिझली अस्वल मारलं होतं, हे खरं आहे. त्या आयुष्यभर रानात सापळे लावत आलेल्या होत्या, अस्वल अगदी जवळ आलं होतं, गोळी डोक्याच्या बाजूला नेमकी बसली, आणि ते पडल्यावरही त्यांनी आणखी गोळ्या घातल्या. अस्वल धावत येत असताना, हात कापत असताना तशी गोळी बसेल यावर मी कुणाला जीव पणाला लावू देणार नाही.

अस्वलांच्या प्रदेशात .३०८ म्हणतो ते याचसाठी. स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर वस्तीबाहेर जाताना ध्रुवीय अस्वलाला हाकलण्याचं साधन जवळ ठेवणं बंधनकारक आहे, आणि रायफल नेणाऱ्यांना किमान .३०८ किंवा .३०-०६ चा सल्ला दिला जातो. रोज अस्वलांच्या शेजारी राहणाऱ्यांनी आखलेली ही रेषा आहे, तिच्या खाली जायचं मला कारण दिसत नाही. मात्र .३०८ चा धक्का खरा आहे. रेंजवर मी धडधाकट माणसांना घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटताना पाहिलंय. तसं होत असेल तर त्या रायफलची सगळी ताकद मातीत जाते. घेणार असाल तर सराव .२२ वर करा, आणि .३०८ थोड्या पण नियमित गोळ्यांनी अंगवळणी पाडा.

ज्यांना खरोखर अनोळखी रानात उतरायची वेळ येते त्यांच्यासाठी काय बनवलं गेलं, तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी बनवलेल्या एम-६ मध्ये वर .२२ हॉर्नेटची (साध्या .२२ पेक्षा ताकदवान काडतूस) नळी आणि खाली .४१० छर्ऱ्यांची नळी होती. १९६५ मध्ये व्होस्खोद-२ हे सोव्हिएत अंतराळयान ठरलेल्या जागेपासून दूर तैगाच्या जंगलात उतरलं आणि त्यातल्या लिओनोव्ह व बेल्यायेव्ह या अंतराळवीरांना बर्फात रात्री काढाव्या लागल्या. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांना टीपी-८२ मिळालं: दोन नळ्या छर्ऱ्यांच्या, एक ५.४५ मिमी गोळीची. अमेरिकी आणि सोव्हिएत, दोघांनीही एकाच गोळीवर भरवसा ठेवला नाही. तुम्हाला परवान्यावर अशी जोडनळी मिळत असेल, तर तुमच्या तिन्ही पर्यायांपेक्षा मी ती घेईन.

.२२३ वर अन्याय नको. हलकी आहे, धक्का किरकोळ आहे, दोनशे मीटरपर्यंत नेम सोपा आहे, आणि चांगल्या सॉफ्ट पॉइंट (लागल्यावर पसरणाऱ्या मऊ टोकाच्या) गोळीने मध्यम हरीण पडतं. मोकळ्या माळावर, जिथे जनावर जवळ येऊच देत नाही, तिथे ती .२२ पेक्षा सरस ठरेल. पण तिथे फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या आवरणाच्या) गोळ्या नेऊ नका. त्या आरपार जातात, जखम अरुंद राहते आणि घायाळ जनावर लांब पळून मरतं, तुमच्या हाती काहीच लागत नाही.

.२२ घेतलीत तर तिचे दोष माहीत असू द्या. ती रिमफायर आहे, म्हणजे पेट घेणारं मिश्रण काडतुसाच्या काठात भरलेलं असतं, आणि ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसेल तर काडतूस फुसकं निघतं. असं झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग काडतूस बाहेर काढा, थोडं फिरवून पुन्हा भरा. बऱ्याचदा ते चालतं. काडतुसं ओलीपासून जपा. पन्नास मीटरला नेम बसवला असेल तर शंभर मीटरवर गोळी १५ सेंटिमीटरहून जास्त खाली जाते, म्हणून लांबचा मोह टाळा. आणि ती छोटी आहे म्हणून बेफिकीर राहू नका: चुकलेली गोळी दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, दगडावरून आणि पाण्यावरून उसळतेही.

कायद्याचंही आधी बघा, कारण अनेक ठिकाणी जनावरानुसार किमान कॅलिबर ठरलेलं असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या हरणांसाठी .२४० पेक्षा लहान रायफल चालत नाही, तिथे .२२ आणि .२२३ दोन्ही बाद होतात.

तुम्ही प्रदेश लिहिलेला नाही. तिथे कोणती जनावरं आहेत आणि मुक्काम थंडीतला की उन्हाळ्यातला, एवढं कळवलंत तर गोळीचं वजन आणि प्रकारही सुचवतो.