जुन्या एस्टीमचं गंजलेलं पुढचं फेंडर घरी बदलता येईल का?

तुम्ही लिहिलंय की २००३ च्या मारुती एस्टीमचं डावं फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, चाकामागे खालच्या बाजूला गंजून भोक पडलंय, डेंटर तुकडा वेल्ड करून देतो म्हणतोय, आणि नवं घरी बसवलं तर दार घासेल अशी भीती वाटतेय. नवंच बसवा. फेंडरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो लाटा धरतो, मागच्या बाजूचा रंग जळतो, आणि वरून पुट्टी मारून गुळगुळीत केलं तरी दोनएक पावसाळ्यांत तिथेच फोड येतात. फेंडर बोल्टांवर असतं. खोलणं सोपं आहे, सगळी मेहनत बसवताना लागते.

नवं फेंडर विकत घेण्याआधी मात्र एक तपासणी करा. पुढचं चाक काढा आणि आतलं प्लास्टिक लायनिंग सोडवा. फेंडरच्या खालच्या टोकाला, दाराच्या बिजागरीपुढे एक खोबण आहे. चाकाने उडवलेला चिखल आणि बोनेटच्या मागच्या जाळीतून उतरलेला पालापाचोळा तिथे साचून ओला राहतो, म्हणून फेंडर नेहमी तिथूनच जातं. तो गाळ काढून त्यामागच्या सिलच्या, म्हणजे दाराखालून जाणाऱ्या पट्टीच्या, पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. टणक लागला तर ठीक. आत घुसला, तर आधी सिलचं वेल्डिंग करून घ्या, कारण सिल हा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. कुजलेल्या सिलवर नवं फेंडर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता फेंडर घेताना. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुनं किंवा पुण्यात नाना पेठेत नवं शोधणार असाल, तर सोबत चुंबक न्या. जुन्या फेंडरवर चुंबक जिथे ढिला पडतो तिथे खाली पुट्टी आहे. चाकाच्या कमानीची आत दुमडलेली कड बोटाने चाचपा, ती लाटेसारखी लागली तर ते फेंडर ठोकून सरळ केलेलं आहे. साइड इंडिकेटरचं भोक तुमच्या फेंडरशी जुळतंय ना, बघा. नवं फेंडर काळ्या रंगात येतं. थिनरचा बोळा त्यावर घासा. काळं उतरून आलं तर तो नुसता वाहतुकीपुरता रंग आहे, तो पूर्ण काढून एपॉक्सी प्रायमर मारावा लागेल. उतरला नाही तर ४०० नंबरच्या सँडपेपरने खरवडून त्यावरच पुढचं काम होतं.

खोलण्याच्या आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा, सिलजवळच्या बोल्टवर दोनदा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी जॅकवर उचलली तरी स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालू नका. दाराच्या पुढच्या कडेला आणि पिलरला, म्हणजे दाराच्या बिजागऱ्या असलेल्या खांबाला, मास्किंग टेपचे दोन थर चिकटवा, कारण फेंडर निघताना त्याचं मागचं टोक तिथेच ओरखडतं. जवळपास सगळे बोल्ट सहा मिलिमीटरचे, दहाच्या गोटीचे (सॉकेटचे). कोपऱ्यातला इंडिकेटर आणि बंपरचं टोक आधी सुटं करा, साइड इंडिकेटरची वायर काढा. मग बोनेटखालची वरची ओळ, बंपरजवळचे बोल्ट, खाली सिलचा, आणि शेवटी दार पूर्ण उघडल्यावर फटीत वर दिसणारा पिलरजवळचा. या शेवटच्याला लांब एक्स्टेंशन लागतं. बरेच जण तो विसरतात आणि फेंडर ओढून कड वाकवतात.

सगळे बोल्ट निघूनही फेंडर हलत नसेल तर खाली सीलंट चिकटलेलं आहे. हेअर ड्रायरने गरम करा आणि पातळ कटरने कापा. हातमोजे घाला, जुन्या पत्र्याची कड चाकूसारखी लागते.

सिलचा बोल्ट बहुधा तुटतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मधोमध पंच मारून पाच मिलिमीटरचं ड्रिल घाला आणि सहाच्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) नवे आटे पाडा. आतला नटच गोल फिरत असेल तर बोल्टचं डोकं कापून काढा आणि क्लिपचा नट बसवा.

नवं फेंडर रंगवण्याआधी एकदा कोरंच लावून बघा. ही पायरी वाचवू नका, कारण रंगानंतर कड ठोकावी लागली तर रंग पुन्हा मारावा लागतो. सगळे बोल्ट बोटाने दोन-तीन आटे धरतील इतकेच लावा. आधी पिलरजवळचा आणि सिलचा, कारण दाराची फट हे दोन ठरवतात. उजव्या बाजूच्या फटीत बसेल इतका जाड पुठ्ठा घडी घालून तयार करा आणि तोच डावीकडे वरपासून खालपर्यंत सरकवा. दार उघडताना त्याची पुढची कड फेंडरच्या आत वळते. त्यामुळे बंद दारात फट बरी दिसली तरी उघडताना घासू शकतं. पहिल्यांदा दार बोटभर, मग वीतभर, मग पूर्ण उघडा, आणि प्रत्येक वेळी फटीत डोकावा. फेंडर दाराच्या पातळीत किंवा किंचित बाहेर चालेल, पण आत दबलेलं नको. वाऱ्याचा आवाज तिथूनच सुरू होतो.

दार जुळल्यावर बोनेट, मग इंडिकेटर, सगळ्यात शेवटी बंपर. उंची कमी पडत असेल तर बोल्टखाली यू आकाराचं वायसर घाला, पत्रा वाकवू नका. फेंडरची भोकं मुद्दाम मोठी असतात. तेवढी जागा वापरूनही फट जुळली नाही, तर आतला एप्रन, म्हणजे फेंडर ज्यावर बसतं तो आतला पत्रा, कधीतरी अपघातात सरकलेला आहे, आणि मग डेंटरकडेच जा.

रंग देताना फेंडरची आतली बाजू आणि दुमडलेल्या कडा आधी. रंगाचा कोड बरोबर असला तरी वीस वर्षं उन्हात राहिलेल्या गाडीशी नवा रंग मिळत नाही. पेंटरला दारावर थोडा रंग विरवत न्यायला सांगा.

शेवटी बसवण्याआधी त्या खालच्या खोबणीत आणि सिलच्या सांध्यावर पीयू सीलंट लावा, सुकल्यावर मेणाचा गंजरोधक थर फवारा. पाणी निघून जायची वाट मात्र बुजवू नका. लायनिंगच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, आठ-दहा जास्तीच्या आणून ठेवा. एक क्लिप कमी असली तरी लायनिंग लोंबतं आणि चिखल पुन्हा त्याच खोबणीत जातो. बोल्ट छोट्या रॅचेटने हाताला घट्ट लागतील इतकेच आवळा, पाइप लावून जोर दिला तर सहाचे आटे जातात. आठवड्याभराने पुन्हा एकदा पाना फिरवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाकामागे पाण्याचा पाइप धरून ती जागा धुऊन काढा.