१४९ कवट्या

प्रिय विद्यार्थी मित्रा,

निबंध दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण दुसऱ्या पानावर ‘पारधी समाजात चोरी रक्तातच असते’ असं लिहिलं आहेस, तिथे मी अडकलो.

इरावती कर्वे आपल्याला महाभारतावरच्या लेखनामुळे माहीत. त्याआधी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, त्या बर्लिनला मानवशास्त्र शिकत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोरे युरोपीय अधिक बुद्धिमान, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असणार, असा फिशरांचा दावा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि असमानतेचा संबंध सापडला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं. परका देश, पदवी ज्यांच्या हाती त्यांचाच सिद्धान्त खोटा ठरत होता! मला त्यांचा फार अभिमान वाटतो. पुढे नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा टेकू देणाऱ्यांत हेच फिशर होते.

यावरून जीवशास्त्राला माणसाच्या वागण्यात काही स्थान नाही, असं समजू नकोस. मी आयुष्यभर जीवशास्त्रच शिकवलं. स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा असतोच. घोटाळा होतो तो पुढच्या उडीत. ज्वारीचं एकाच पिशवीतलं गावरान बी अर्धं काळ्या रानात पेर, अर्धं मुरमाड माळावर. काळ्या रानातल्या दोन ताटांच्या उंचीत जो फरक दिसेल, तो बराचसा बियाण्याचा असेल. पण दोन रानांमधला फरक? तो मातीचा आणि पाण्याचा. एका गटाच्या आतला आनुवंशिकतेचा आकडा घेऊन दोन गटांची तुलना करता येत नाही, हे तुझ्या निबंधात सुटलं आहे.

आणि पारध्यांचं रान कसं होतं तेही बघ. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. चोरी झाली की आधी पालावर धाड पडते. मग पकडले कोण जातात, यावरून रक्ताबद्दल काय कळणार?

दुसरं पान पुन्हा लिही. ‘रक्तातच’ हा शब्द ठेवायचाच असेल, तर कोणी, कोणाची, काय मोजणी केली ते त्याच ओळीत लिही. मग घेऊन ये, आपण बसून बघू.

तुझा,
सर