नेम, नळी आणि खिसा

प्रश्न : ताई, मुलगी एअर रायफलवरून आता ५० मीटरवरच्या पॉइंट टू-टू (.२२ बोअरच्या) रायफलकडे वळते आहे. आन्शुट्झ या जर्मन कंपनीची १९०३ मॉडेलची रायफल नवी घ्यावी की १९१३ मॉडेलची जुनी? बजेट बेताचंच आहे. – एक पालक, ऐरोली

उत्तर : जुनी १९१३, पण नळी बघून. १९०३ मध्ये ६४ नावाची अ‍ॅक्शन (गोळी भरून झाडणारी यंत्रणा) आहे, १९१३ मध्ये ५४. ५४चा ट्रिगर आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) हाताळला की फरक लगेच कळतो. तरी खरं सांगू? ६४वालीसुद्धा तुमच्या लेकीपेक्षा बरीच वर्षं पुढे राहील.

५० मीटरवरचा दहा गुणांचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे टपोऱ्या काबुली चण्याएवढा. तिथे रायफलच्या नावापेक्षा गोळी जास्त बोलते. एकाच ब्रँडच्या गोळ्यांचे दोन लॉट (कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा) एकाच नळीतून वेगवेगळे पसरतात. म्हणून रायफल टेकूवर ठेवून तीन-चार लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारून बघा, जो जमेल तो जास्त घेऊन ठेवा. पैसे इथे घाला.

मी नौपाड्यात असताना चकाकीला भुलून जुनी रायफल घेतली. चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) पुढे काजळीचं कडं साचलेलं होतं, गोळ्या पसरायच्या. साफ केल्यावर निम्मा त्रास गेला, निम्मा माझ्याच श्वासाचा निघाला!

जुलैत ठाण्याच्या हवेत रायफल कव्हरमध्ये बंद ठेवू नका, गंज धरतो. आणि व्यवहाराआधी शस्त्र परवान्याचं बघा. एअर रायफलसारखं हे सोपं नाही.