सेटअप बदलू की चालवण्याची पद्धत?

असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या कार रेसिंगच्या गेममध्ये इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर तुमची पोर्श ९११ जीटी३ आर वळणात आत वळतच नाही, सरळ घसरत जाते, आणि यूट्यूबवरचे तीन-चार सेटअप (टायर, सस्पेन्शन, विंग वगैरेंची जुळवणी) लावूनही फरक पडला नाही, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सध्या सेटअपला हातच लावू नका.

गेममधला तयार 'अ‍ॅग्रेसिव्ह' सेटअप घ्या आणि फक्त टायर प्रेशर जुळवा. टायर तापल्यावर चारही चाकांत २६ ते २७ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दिसायला हवं. जुन्या व्हिडिओंत साडेसत्तावीसच्या आसपासचा आकडा सांगतात, पण गेमच्या १.९ आवृत्तीत टायर बदलले, तो आता धरू नका.

आता मूळ दुखणं. ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतं, त्यामुळे पुढची बाजू हलकी. पुढच्या टायरना खरी पकड येते ती ब्रेक दाबल्यावर, कारण तेव्हा भार पुढे सरकतो. रेत्तिफिलोच्या शिकेनला, म्हणजे मोंझाच्या पहिल्या उजव्या-डाव्या जोडवळणाला, आपण ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने येतो, जमेल तितका उशिरा ब्रेक मारतो आणि स्टिअरिंग वळवायच्या क्षणी पाय एकदम उचलतो. भार झटकन मागे जातो, आणि नेमकं तेव्हाच गाडीने वळावं अशी आपली अपेक्षा असते. ती वळत नाही म्हणून स्टिअरिंग आणखी फिरवतो, मग पुढचे टायर नुसतेच घासत राहतात. कुठलाही अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) हे दुरुस्त करू शकत नाही.

ब्रेक थोडा आधी मारा. पहिला दाब जोरदार, मग स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय हळूहळू सैल करत न्या. वळणाच्या आतल्या कडेच्या कर्बजवळ पोचेपर्यंत थोडा ब्रेक शिल्लक राहिला पाहिजे. हेच ट्रेल ब्रेकिंग. सराव शिकेनपेक्षा मोंझाच्याच लेस्मो या दोन वळणांवर करा, तिथे नाक आत ओढलं जाताना हाताला स्पष्ट जाणवतं.

लागोपाठच्या लॅपच्या (फेऱ्यांच्या) वेळेत फरक दोन-तीन दशांश सेकंदांवर आला, की मग सेटअप. तेव्हासुद्धा आधी विचारायचं: गाडी वळायला कुठे अडते, वळणात आत शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना? आणि कोणत्या वेगाला? संथ वळणात पुढचा अँटी-रोल बार एक-दोन क्लिक मऊ करा किंवा ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) किंचित मागे घ्या. पॅराबोलिकासारख्या वेगवान वळणातच अडत असेल तर मागचा विंग किंवा राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची) बघा, कारण तिथे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर काम करतो. बाहेर पडतानाच फक्त अडत असेल तर बहुधा तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर लवकर देताय. एका वेळी एकच बदल, इंधनही तेवढंच ठेवून, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्री लॅप्स (ब्रेक, वेग वगैरेंची नोंद) चालू करा आणि ती फाइल मोटेक या आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ब्रेकची रेघ शिखरावरून उताराने खाली येते की कड्यासारखी कोसळते, ते पाहा. रेत्तिफिलो आणि लेस्मोचे आलेख इथे टाकलेत तर बघून नक्की सांगतो.