27 विहिरींची वही

पत्र आलंय पारनेर तालुक्यातून. थोडं आटोपशीर करून देतो.

"सर, मी अंगणवाडी सेविका आहे. मिस्टर शेती बघतात. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हुशार आहे, पण सुट्टीच्या दिवशी गावभर विहिरी मोजत फिरते. कॉलेजनेच काम दिलंय, त्याला मार्क आहेत म्हणते. भावकीत हसतात, की पोरगी शिकायला घातली का पाणाड्याच्या हाताखाली घातली. मध्ये पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचे एक सर घरी येऊन गेले. दोन वर्षांचे क्रेडिट तिकडे जमा होतील, थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि मुलींना फी माफ आहे म्हणाले. मिस्टर म्हणतात पदवी कुठूनही होऊ दे, मग सदाशिव पेठेत एमपीएससीचा क्लास लावू. पुण्याला पाठवू का? तिच्या वहीचे फोटो पाठवते. तिला सांगितलेलं नाही."

ताई, नमस्कार.

फोटो तिला न सांगता पाठवलेत, त्याबद्दल तिच्याकडून बोलणी खाल. पण पाठवलेत हे बरं केलंत. मी आधी वही वाचली आणि पत्र नंतर.

आधी त्या घरी आलेल्या सरांचं बघू. मुलींच्या फीमाफीचा शासनाचा निर्णय जुलै 2024 चा आहे आणि तो खरा आहे. पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. प्रवर्गाची अट आहे, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे ज्या विद्यापीठासाठी ते सर आले होते, तिथं ही सवलत लागू होईल असं मला दिसत नाही.

क्रेडिटचं तसंच. तिने मिळवलेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात हे बरोबर. पण या बँकेच्या 2021 च्या नियमांनुसार, जी संस्था पदवी देणार तिच्याकडेच निदान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीचे 132 श्रेयांक, वर्षाला 44. दोन वर्षांचे 88 ती इथे मिळवणार. तिकडे उरले 44, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. हा हिशेब कसा बसवणार ते त्यांना लेखी विचारा. लेखी म्हटलं की पुष्कळ माणसं फोन उचलायची थांबतात.

आता पुण्याला पाठवण्याचं. तुमच्या पत्रात एक गोष्ट सुटली आहे. तुमची मुलगी पुणे विद्यापीठाचीच विद्यार्थिनी आहे. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतली संलग्न कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात. तालुक्याच्या कॉलेजातून तिला जे पदवीपत्र मिळेल त्यावर फर्ग्युसन रोडच्या पोरांच्या पदवीपत्रावर असतं तेच नाव असणार. 1949 साली हे विद्यापीठ निघालं आणि बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले, तेव्हा गणेशखिंडीतला गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी बंगला विद्यापीठाच्या वाट्याला आला. त्या दगडी इमारतीपुढे फोटो काढला की आपण विद्यापीठात आलो असं लोकांना वाटतं. माझंही तसंच झालं होतं. पण विद्यापीठाचा बराचसा पसारा पारनेर, जुन्नर, सिन्नर असल्या गावांतून आहे, आणि तिथल्या पोरांना जे करायला मिळतं ते गणेशखिंडीत मिळत नाही. विहिरी, उदाहरणार्थ.

तिला मार्क मिळणार म्हणते ते खरं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग उपक्रम आणि तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, ज्याला सगळे 'ओजेटी' म्हणतात, हे पदवीचेच भाग आहेत. पहिल्या दोहोंना साधारण दोन-दोन श्रेयांक आणि ओजेटीला चार. मैदानी कामाचा एक श्रेयांक म्हणजे 30 तास. बहुतेक पोरं हे तास कसे भरतात ते मला माहीत आहे. एक प्रश्नावली छापायची, शंभर घरांच्या नावाने चार मित्रांनी एका संध्याकाळी ती भरायची, वर स्पायरल बाइंडिंग. दरवर्षी असे गठ्ठे मी बघतो. सगळ्या शंभर घरांत शौचालय वापरलं जातं आणि सगळे समाधानी असतात.

म्हणून तुमच्या मुलीची वही बघून मी खुर्चीत सरळ बसलो. 27 विहिरी. प्रत्येकीला नंबर, शिवाराचं नाव, मालकाचं आडनाव, खोली, पाणी किती खाली. टेपला दगड बांधून मोजलंय असंही लिहिलंय. जुन्या विहिरींची खोली तिने परसांत (परस म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढी खोली) लिहिली आहे, म्हातारी माणसं सांगतात तशी, आणि कंसात फूट. आणि नवव्या विहिरीच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात, 'मोटर चालू होती'.

ताई, हे तीन शब्द तिला कोणी सांगितले नसणार. मोटर चालू असताना पाणी उतरलेलं असतं. तो आकडा उपशाचा, विहिरीच्या खऱ्या पातळीचा नाही. तो गुपचूप वहीत घातला असता तर कोणाला कळलं नसतं. तिने लिहिलं. प्रश्नावल्या भरणाऱ्या चौकडीत आणि तुमच्या मुलीत हाच फरक आहे, आणि नोकरी देणाऱ्याला तो दाखवता येतो.

चुकाही आहेत. तिने पाणी 'काठापासून' मोजलं आहे, पण कुठल्या काठापासून? काही विहिरींना कठडा आहे, काहींना नाही. प्रत्येक विहिरीला एक खूण ठरवायची, ऑइल पेंटने लाल ठिपका द्यायचा, दर वेळी तिथूनच मोजायचं, आणि कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची पातळी मिळते. आकडे मीटरमध्ये. परस राहू दे, तो गावाला समजतो. मोजायची वेळ सकाळची, मोटरी लागायच्या आत. आणि एकदा मोजून भागत नाही. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तिने पावसाळ्यानंतर एकदा मोजलंय. मे अखेरीस पुन्हा मोजलं की दोन आकड्यांमधलं अंतर हाती येतं, आणि कुठल्या शिवारात पाणी टिकतं, कुठे पळतं, ते दिसायला लागतं. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टवर आहे. या खडकात पाणी भेगांत आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात राहतं, म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींत एक भरलेली आणि एक कोरडी असू शकते. पाणाड्याचं दुकान त्यावरच चालतं. भावकीतल्यांना सांगा, पाणाड्या नारळ हातात धरतो, ही टेप धरते.

वहीचा गावाला उपयोग होण्यासाठी तिची पदवी पुरी व्हायला थांबायची गरज नाही. ऑक्टोबरचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आले तर रब्बीला कांदा लावायचा की हरभऱ्यावर भागवायचं हे ठरवताना निदान चार घरं फळ्यापाशी थांबतील. अटल भूजल योजनेत, 2019 साली ती सुरू झाली, गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायचा म्हणजे याहून फार वेगळं काही नव्हतं. पाऊस किती, मुरलं किती, उपसलं किती. 1 मेच्या ग्रामसभेत तिला पाच मिनिटं मागून घ्या. तुम्ही सेविका आहात, ग्रामसेवक तुमच्या ओळखीचे असतील. बोलताना नववी विहीर कोणाची हे मात्र सांगायचं नाही. नंबर सांगायचे, नावं नाहीत. पाण्यावरून भांडणं लागायला वेळ लागत नाही.

आता पुढची वाट. इथे मी थोडं कडू बोलणार आहे. तिचा विषय भूगोल आहे. भूजल यंत्रणेतल्या भूवैज्ञानिकाच्या पदांना भूविज्ञान लागतं, म्हणजे जिऑलॉजी, आणि भूगोलाच्या एम.एस्सी.वर ते दार उघडत नाही. हे तिला आत्ताच कळलेलं बरं. पण भूगोलाची स्वतःची वाट आहे, नकाशाची. विद्यापीठाच्या भूगोल विभागात भूगोलाबरोबर जिओइन्फर्मॅटिक्सचीही, म्हणजे संगणकावरच्या नकाशाशास्त्राचीही, एम.एस्सी. आहे. पर्यावरणशास्त्राचा वेगळा विभाग आहे. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांना, पुण्यातल्या 'वॉटर'सारख्यांना (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट), नकाशा करता येणारी आणि शिवारात चालणारी माणसं लागतात. नकाशा करणारी पुष्कळ मिळतात, चालणारीही मिळतात. दोन्ही एका माणसात म्हटलं की शोधावं लागतं. शिकवण्याकडे जायचं असेल तर एम.एस्सी.नंतर नेट किंवा सेट आहेच.

त्यासाठी आत्तापासून तिने क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिकावं. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. देहरादूनच्या आयआयआरएसचे ऑनलाइन अभ्यासक्रमही फुकट असतात, प्रमाणपत्र मिळतं. त्या 27 विहिरी एकदा नकाशावर मांडल्या की वहीचा प्रकल्प होतो. आणि तिसऱ्या वर्षाचं ओजेटी गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात करू नका (हसू नका, मी तसं सर्टिफिकेट पाहिलंय). कॉलेजचं पत्र घेऊन अहिल्यानगरला भूजल यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयात जावं. नोकरी तिथे मिळणार नसली तरी मोजणी शिकायला तिथली माणसं चांगली. जाताना वही न्यावी.

तेव्हा माझं उत्तर असं, की पदवी आहे तिथेच पुरी करू द्या आणि पुण्याला एम.एस्सी.ला पाठवा. विद्यापीठाच्या विभागांना स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, अर्ज उन्हाळ्यात निघतात, तिसऱ्या वर्षाचा निकाल लागायच्याही आधी. निकालाची वाट बघत बसणाऱ्यांची तारीख दरवर्षी चुकते. चौथं वर्ष कॉलेजातच करून ऑनर्स घेता येतं, मग एम.एस्सी. एका वर्षात होते, कागदावर हिशेब तोच. तरी मी तिला तीन अधिक दोन सांगेन. विभागात, जयकर ग्रंथालयात, वेगळ्या गावच्या पोरींबरोबर वसतिगृहात दोन वर्षं मिळतात. एक वर्ष हातपाय पसरेपर्यंत संपतं.

खर्चाची तुमची काळजी रास्त आहे. विद्यापीठाच्या विभागातली फी खासगीच्या पासंगालाही पुरत नाही, पण राहणं आणि जेवण पुण्यात महाग आहे. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून सगळंच सांगतो. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम् या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळतात. खुल्या प्रवर्गाला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघा. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल मार्चमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रापुढची रांग रस्त्यावर येते. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून विद्यार्थी साहाय्यक समितीचाही अर्ज भरा. 1955 पासून ही संस्था गावाकडच्या मुलामुलींना पुण्यात ठेवून घेते. तिथे श्रमही करावे लागतात, मुलीला आधी सांगून ठेवा.

आणि कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने विद्यापीठात ही योजना चालते. मी त्यात ग्रंथालयात होतो, पुस्तकांच्या पाठीवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायचो. पैसे थोडे मिळायचे, मेसचं बिल जेमतेम सुटायचं. पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मला वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि परीक्षेच्या आधी माझा भाव वधारायचा.

मिस्टरांच्या एमपीएससीबद्दल एवढंच. मी त्या परीक्षेच्या विरुद्ध नाही. पण पेठेत कॉट बेसिसवर राहून, सहाव्या प्रयत्नाला बसलेली, हातात साधी पदवी आणि वय तीसच्या पुढे अशी पोरं आठवड्याला दोन तरी माझ्यासमोर येतात. आई-वडिलांना फोनवर काय सांगायचं हे ती मला विचारतात. त्याला माझ्याकडे उत्तर नसतं. एम.एस्सी. करता करता तिला वाटलं तर देऊ दे. भूगोल तिथेही लागतोच.

पुण्याला एकदा घेऊन या तिला, प्रवेशासाठी नको, नुसतं बघायला. पारनेरहून एसटीने वाकडेवाडीला उतरलात की विद्यापीठ फार लांब नाही. भूगोल विभागात कोणीतरी भेटेलच, वही दाखवा.

त्याआधी एक काम. नवव्या विहिरीत पुन्हा टेप सोडायला सांगा. सकाळी, मोटर लागायच्या आत. आणि या वेळी फोटो तिलाच पाठवू दे.